सकाळचा पहिला चहा: मुरवलेला की उकळलेला?

घाटमाथा

आमच्या घरी सकाळी साडेसहाला चहा टाकला जातो आणि तो कोणी टाकला आहे हे पहिल्या घोटाला कळते. मी टाकला असेल, तर तो माझ्या आईच्या पद्धतीचा असतो. दीड कप पाण्याचे आधण ठेवायचे, साखर आधणातच घालायची, खळखळून उकळी फुटली की दोन चमचे पूड टाकून त्याच क्षणी गॅस बंद करायचा, वर झाकण ठेवायचे आणि चार मिनिटांनी कपात गाळून वेगळे तापवलेले दूध वरून घालायचे. रंग विटकरी यायला हवा. त्याहून गडद झाला तर आई त्याला काढा म्हणत असे. पत्नीचे माहेर नगर जिल्ह्यातले. तिकडे दूध आणि पाणी निम्मे-निम्मे धरतात, पूड सढळ हाताने घालतात आणि चहा पातेल्याच्या काठापर्यंत फुगून आला की आच कमी करतात, पुन्हा वाढवतात, असे तीनदा. तिच्या मते माझा चहा आजाऱ्याला द्यावा आणि माझ्या मते तिचा चहा चमच्याने खावा. पंचवीस वर्षांत हा वाद मिटलेला नाही आणि तो मिटावा अशी दोघांचीही फारशी इच्छा दिसत नाही.

धागा काढण्याचे कारण मात्र वेगळे आहे. मागच्या रविवारी तिला बरे नव्हते, म्हणून तिच्या पद्धतीचा चहा करून द्यावा असे मनात आले. फ्रिजमधले दूध, पाणी आणि इंचभर किसलेले आले एकत्र मंद आचेवर ठेवून मी वर्तमानपत्र आणायला दाराशी गेलो. परत येऊन पाहतो तो हिरवट पाण्यावर दुधाच्या गुठळ्या तरंगत होत्या. त्याच पिशवीतले उरलेले दूध संध्याकाळपर्यंत उत्तम टिकले, त्यामुळे दोष दुधाचा नव्हता. "आले आधी आधणात उकळायचे असते, हे एवढ्या वर्षांत एकदाही पाहिले नाही का?" असे अंथरुणातून विचारण्यात आले आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तर जाणकारांनी हे आल्याचे प्रकरण समजावून सांगावे आणि सर्वांनीच आपापल्या घरची सकाळची रीत मापासकट लिहावी. कॉफीवाल्यांनाही आमंत्रण आहे.

पाटावरवंटा

घाटमाथा, आपल्या पत्नीचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. ओल्या आल्यात झिंजिबेन नावाचे विकर असते आणि ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करते. कच्च्या पपईच्या चिकात असते तशाच जातीचे हे विकर आहे. कोमट ते बऱ्यापैकी गरम दुधात त्याला चांगलाच जोर चढतो, पण पाणी उकळले की ते निकामी होते. आपण थंड दुधात आले घालून मंद आच ठेवलीत, म्हणजे त्याला काम करायला हवे होते तेवढे तापमान आणि हवा होता तेवढा वेळ आपणच दिलात. दक्षिण चीनमध्ये तर गरम दुधात आल्याचा ताजा रस घालून हेच मुद्दाम घडवून आणतात आणि खरवसासारखे थरथरणारे गोड दूध खातात. आपल्याला ते करायचे नव्हते, एवढाच फरक.

आता आमची रीत. दोन माणसांसाठी सव्वा कप पाणी, त्यात ठेचलेले आले, खलबत्त्यात सालासकट कुटलेली एक वेलची आणि साखर घालून पाण्याला चांगली उकळी येऊ देते. आले मी किसत नाही, बत्त्याने ठेचते, कारण किसलेल्या आल्याचा चोथा गाळणीच्या जाळीत अडकतो आणि घाईच्या वेळी चहा थेंबथेंब उतरतो. मग दोन सपाट चमचे सीटीसी पूड, आणखी एक उकळी, त्यानंतर पाऊण कप दूध. दूध घातल्यावर चहा एकदा वर आला की बंद करते. सुंठ वापरायची असेल तर तीही पाण्यातच घालते.

मुरवावा की उकळावा, याचे उत्तर पुडीवर अवलंबून आहे असे मला वाटते. सीटीसी ही इंग्रजी आद्याक्षरे पानाला चिरडणे, फाडणे आणि वळवणे या तीन क्रियांची आहेत. दातेरी रुळांमधून पान काढले की त्याच्या बारीक गोळ्या होतात. त्या गोळ्या रंग आणि तुरटपणा झटपट सोडतात. ही पूड नुसत्या पाण्यात पाच मिनिटे उकळली तर जीभ आत ओढली जाते. दुधातले केसीन मात्र तो तुरटपणा स्वतःला बांधून घेते, म्हणून दुधाळ चहाला उकळ्या सोसतात. दार्जिलिंगसारखा अख्ख्या पानाचा चहा उकळला तर त्याचा सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरभर पसरतो आणि कपात काही उरत नाही. त्याला तीन ते चार मिनिटे मुरवणेच योग्य आहे, आणि दूध नको.

रात्रपाळी

माझी सकाळ इतरांची संपते तेव्हा सुरू होते. कारखान्यातून साडेसातला घरी येतो तेव्हा सगळे बाहेर पडण्याच्या गडबडीत असतात. सकाळच्या चहाचा चोथा गाळणीत तसाच असतो आणि पूर्वी मी त्यावरच उकळते पाणी ओतून पीत असे. ते पिण्यात काही अर्थ नाही, हे अनुभवाने लिहितो. आता एक कप कोरा चहा, अर्धा चमचा पूड, दोन मिनिटे झाकण. दूध असले की माझी झोप लांबते अशी माझी समजूत आहे. त्याला आधार काही नाही.

खाडीपलीकडे

कोऱ्या चहाचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला परसात न्हाणीच्या पाण्यावर गवती चहाचे बेट असतेच. सकाळी उठल्यावर पहिले काम म्हणजे विळीने त्याची तीन-चार पाने कापून आणणे. पानांच्या कडा धारदार असतात आणि घाईत ओढली की बोटाला बारीक चीर पडते, जी पुढे भांडी घासताना दिवसभर आठवण करून देते. आजी पाने कापून तुकडे करत नसे. ती पाने एकत्र धरून त्यांची गाठ मारत असे आणि ती गाठच आधणात सोडत असे. त्यामुळे पानाला मुरड पडून वास सुटतो आणि गाळताना गाठ चिमट्याने उचलून टाकता येते. दूध घातलेला गवती चहा आम्ही पाहुण्यांसाठी करतो. घरच्यांसाठी कोरा, थोडी साखर, आणि पावसाळ्यात त्यात लिंबाचे चार थेंब. लिंबू पडताच चहाचा रंग एकदम उजळतो. लहानपणी आम्हा भावंडांत ते चार थेंब कोणी पिळायचे यावरून भांडणे होत.

पाटावरवंटा यांना एक शंका विचारायची आहे. गुळाचा चहा आल्याशिवाय केला तरी माझ्याकडून निम्म्या वेळा फाटतो. कोल्हापूरकडच्या माझ्या जावेचा कधीच फाटत नाही.

पाटावरवंटा

खाडीपलीकडे, तिथे विकराचा संबंध नाही. गूळ किंचित आंबट असतो, जुना झालेला तर अधिक, आणि तसल्या पाण्यात दूध घालून उकळले की ते फाटण्याची शक्यता वाढते. गूळ पाण्यात पूर्ण विरघळवून, पूड घालून, गाळून घ्या. दूध शेजारच्या शेगडीवर स्वतंत्र गरम करा आणि कपातच एकत्र करा. एकत्र केल्यावर पुन्हा गॅसवर चढवू नका. आपल्या जाऊबाई बहुधा हेच करत असतील. एकदा त्यांच्या शेजारी उभे राहून पाहा.

जुना_कंदील

घाटमाथा यांनी आपली पद्धत आईची म्हणून लिहिली आहे. तिचा अनादर न करता एक गोष्ट नोंदवतो. ती पद्धत फार करून जाहिरातीतून आलेली असावी.

१९०३ साली चहावर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३० च्या दशकात तर या प्रचाराला मोठा जोर आला. रेल्वे स्थानकांवर भारतीय भाषांतल्या मुलाम्याच्या पाट्या लागल्या, गावोगावच्या बाजारांत चहा करून दाखवणारी पथके फिरली आणि या सगळ्यांत शिकवलेली कृती जवळजवळ सारखीच होती: ताजे पाणी उकळा, भांडे गरम करून घ्या, मापाने पत्ती घाला, झाकून पाच मिनिटे ठेवा, दूध आणि साखर नंतर. ही इंग्रजी घरातली किटलीची रीत होती. ज्या मध्यमवर्गीय मराठी घरांत त्या काळात चहा शिरला, तिथे ही कृती जशीच्या तशी शिरली, आणि किटलीवर विणलेली टोपी घालण्याची हौसही तिच्याबरोबर आली. आमच्या माजघरातल्या फडताळात अशी लोकरीची एक टोपी अजून आहे. तिच्या आतल्या कापसाला चहाचा डाग पडलेला आहे.

प्रचार करणाऱ्यांना दूध-मसाला घालून उकळलेला चहा मुळीच आवडत नसे, कारण उकळल्यामुळे आणि मसाल्यामुळे थोड्या पत्तीत काम भागत असे. पत्ती महाग, म्हणून ती पुरवून पुरवून वापरायची, ही गरज त्या चहाच्या मुळाशी होती. पुढे स्वातंत्र्यानंतर स्वस्त सीटीसी सर्वत्र पोचली आणि उकळलेल्या चहाने मुरवलेल्या चहाला बाजूला सारले. पुण्यातल्या अमृततुल्यांत पितळी पातेल्यात दूध, पूड, साखर, आले आणि वेलची एकत्र शिजताना पाहणारा माणूस घरी किटली घेऊन किती दिवस बसणार? तेव्हा नगरच्या वहिनींची पद्धत ही अडाण्याची आणि आपली शास्त्रशुद्ध, असे मानण्याचे कारण नाही. शास्त्रच हवे असेल तर चहा चाखून प्रत ठरवणाऱ्यांसाठी आयएसओ ३१०३ हे मानक आहे. त्यात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे मुरवण असे माप दिलेले आहे. तसा चहा करून पाहिला आहे. प्रत ठरवायला तो उत्तम असेल, पण सकाळी साडेसहाला पिववत नाही.

कावेरीकाठ

माझे माहेर पुण्याचे आणि सासर कुंभकोणमचे. सासरची मंडळी तंजावरकडची मराठी. घरात बोलतात ती मराठी ऐकताना लग्नानंतरचे पहिले वर्ष मी अर्धा वेळ अंदाजानेच मान डोलावत असे. चहा त्या घरात औषधासारखा, सर्दी झाली तर. सकाळ कॉफीची.

सासूबाईंचे फिल्टर पितळेचे आहे. वरच्या भांड्याच्या तळाला सुईच्या टोकाएवढी भोके, खालचे भांडे साधे, आणि आत दांडीची एक चकती. रात्री झोपण्यापूर्वी वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे भुकटी घालायची, भांडे बाजूने दोनदा हलकेच ठोकून ती सपाट करायची, चकती ठेवायची आणि नुकतेच उकळलेले पाणी मधोमध न ओतता गोल फिरवत ओतायचे. झाकण लावून ठेवले की पंधरा-वीस मिनिटांत पहिला अर्क उतरतो. काही घरांत हे पहाटे करतात. सासूबाईंना उठल्या उठल्या अर्क तयार लागतो. सकाळी दूध तापले की पितळी पेल्यात दोन बोटे अर्क, साखर, आणि वरून उकळते दूध. अर्क कधीही गॅसवर चढवायचा नाही. थंड अर्क गरम दुधाने जेवढा कोमट होतो तेवढा दवऱ्यात, म्हणजे पेल्याबरोबरच्या पसरट वाटीत, वरखाली ओतून सारखा करायचा, आणि म्हणूनच दूध उकळतेच हवे. त्याच भुकटीवर पुन्हा पाणी घालून निघणारा दुसरा अर्क पातळ असतो. तो अकरा वाजता कामवाल्या बाई आणि सासूबाई दोघी मिळून पितात.

भुकटीत चिकोरी किती असावी हा तिकडचा आपल्या चहा-वादाच्या तोडीचा विषय आहे. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. तिच्यात कॅफीन नसते, पण तिने रंग गडद होतो, अंगाला दाटपणा येतो आणि अर्क सावकाश उतरतो. आमच्याकडे ८०-२०, म्हणजे शंभरात वीस चिकोरी. भारतात कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते, तेव्हा विकत घेताना ते बारीक अक्षर जरूर वाचावे. चांगल्या वासाची कॉफी म्हणून महागडे पाकीट आणून ४९ टक्के मूळ पिणारे लोक मी माहेरी पाहिले आहेत.

उंबरा

कावेरीकाठ यांचे लेखन आवडले, परंतु माहेरच्या कॉफीवर त्यांनी अन्याय केला आहे. मराठी घरातली कॉफी ही वेगळीच वस्तू आहे आणि तिची तुलना फिल्टरशी करू नये.

आमच्याकडे अजूनही रविवारी सकाळी ती होते. एक कप पाण्यात साखर घालून उकळी आणायची, दोन चमचे कॉफीची पूड टाकून पातेले उतरवायचे, झाकण ठेवून पाच मिनिटे गाळ खाली बसू द्यायचा आणि मलमलच्या धुवट फडक्यातून ते पाणी गाळायचे. हे फडके वेगळे ठेवलेले असते. ते कितीही धुतले तरी तपकिरीच राहते आणि आई ते दुसऱ्या कशालाही वापरू देत नाही. मग त्यात दोन कप सायीसकट दूध, पुन्हा एक उकळी, आणि शेवटी सहाणेवर जायफळाचे चार वेढे. चारच, सहा झाले की कॉफीचे औषध होते. जायफळाने झोप येते आणि कॉफीने ती उडते, तेव्हा दोन्ही एकत्र घेण्यात काय हशील, असे वडील दर रविवारी विचारतात आणि दर रविवारी दुसरा कप मागतात.

कावेरीकाठ

उंबरा, अन्याय झाला असेल तर मागे घेते. पहिल्या बाळंतपणात माहेरी मीही हीच जायफळाची कॉफी मागून प्यायले आहे. फक्त ती सासूबाईंना सांगितलेली नाही.

डोंगरउतार

सर्वांनी पूड, दूध आणि आच यांवर लिहिले, पण कपात निम्म्याहून अधिक असते ते पाणी. आम्ही दोन वर्षांपूर्वी नव्या वसाहतीत राहायला आलो आणि तोच चहा, तीच पूड असताना चहावर तेलकट दिसणारा पापुद्रा येऊ लागला. कप कलंडला की तो काचेसारखा तडकतो आणि कपाच्या कडेला तपकिरी रेघ सोडतो. मी दुधाला, मग पातेल्याला, मग भांडी घासण्याच्या साबणाला दोष देऊन पाहिला. कारण विंधन विहिरीच्या जड पाण्याचे निघाले. पाण्यातले कॅल्शियम आणि चहातली द्रव्ये हवेच्या संपर्कात मिळून हा थर तयार होतो. पिण्याला अपाय नसावा, परंतु चव मंदावते. चहापुरते गाळणयंत्रातले पाणी घेऊ लागल्यापासून पापुद्रा गेला. लिंबाच्या थेंबानेही तो जातो, म्हणजे खाडीपलीकडे यांच्या घरी तो कधी दिसलाच नसेल.

दुसरे, उंचीचे. समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटर वर गेले की पाणी एक अंश कमी तापमानाला उकळते. पुण्यात ते ९८ अंशांच्या आसपास आणि महाबळेश्वरात ९५-९६ अंशांना उकळते. दोन-चार अंशांनी एवढा काय फरक पडणार, असे मलाही वाटत होते, पण महाबळेश्वरला बहिणीकडे मुरवलेला चहा नेहमी कच्चा लागतो आणि उकळलेला व्यवस्थित होतो. घाटमाथा नावाप्रमाणे खरोखर घाटावर राहत असतील, तर त्यांनी झाकण आणखी दोन मिनिटे ठेवून पाहावे.

घाटमाथा

सर्वांचे आभार. आठवडाभर प्रयोग चालू आहेत, त्याचा हा वृत्तान्त.

आले आधी पाण्यात चार मिनिटे उकळून मग दूध घातले. सलग तीन दिवस चहा फाटला नाही. झिंजिबेनविषयी पत्नीला सांगितले. त्याचे नाव काहीही असो, आले आधी घालायचे, असे ती म्हणाली. मुरवण चारावरून सहा मिनिटांवर नेली. चव भरली, पण तेवढ्यात चहा निवला, तेव्हा जुना_कंदील यांच्या लोकरीच्या टोपीचे महत्त्व पटले. घरात टोपी नसल्याने पातेल्यावर घडी घातलेला पंचा ठेवतो. पंचाला आता चहाचा वास येतो आणि त्याविषयी घरात वेगळी चर्चा सुरू आहे. आईची पद्धत जाहिरातीतून आली असेल हे वाचून दोन दिवस जरा खट्टू झालो होतो. मग आठवले की आई रेल्वेच्या वसाहतीत लहानाची मोठी झाली. तिच्या घरासमोरच्या स्थानकावर पाटी होती का, हे विचारायला आता कोणी उरलेले नाही.

कावेरीकाठ यांचा लेख वाचून स्टीलचे फिल्टर विकत आणले आणि काल रात्री त्यांच्या मापाने भुकटी भरली. सकाळी सहाला पाहिले तर वरचे भांडे पाण्याने तुडुंब भरलेले आणि खाली जेमतेम चमचाभर अर्क. आत्ता साडेसात झाले आहेत आणि परिस्थिती तीच आहे. काय चुकले असावे?

कावेरीकाठ

भुकटी चकतीने दाबलीत का? चकती नुसती ठेवायची असते, दाबायची नसते. शिवाय भुकटी फार बारीक असेल किंवा चिकोरी जास्त असेल तरी असेच होते. आता चकती दांडीला धरून अलगद वर उचला आणि पुन्हा ठेवा, थोडा अर्क तरी उतरेल. तरीही न उतरल्यास भुकटी काढून वरचे भांडे धुवा आणि त्याचा तळ उजेडासमोर धरून पाहा. बुजलेली भोके दिसली तर तळ क्षणभर गॅसच्या आचेवर धरला की मोकळी होतात. सासूबाई महिन्यातून एकदा हे करतात. धरताना चिमटा घ्या.

घाटमाथा

दाबली होती. चांगली दोन्ही अंगठ्यांनी दाबली होती. उद्या पुन्हा लावतो. आज पत्नीने चहा टाकला आहे.